उंबरठे काढले तो हिवाळा

आर्णीच्या रस्त्याला पुन्हा कापसाच्या गाड्या लागल्या आहेत. शाळेतून परतताना माझ्या स्कूटीपुढे एखादी तरी असतेच. वरून ताडपत्री बांधलेली असते तरी कापूस बाजूंनी फुगून बाहेर येतो, आणि वळणावरच्या बाभळींना त्याचे पुंजके अडकत जातात. गाडीच्या उंचीपर्यंत झाड पांढरं, त्याच्या वर हिरवं. तुरीच्या शेंगा भरत आल्यात. सकाळी धुकं असलं की शेतातल्या वेचणाऱ्या बाया दिसत नाहीत, त्यांचं बोलणं तेवढं रस्त्यापर्यंत येतं.

या दिवसांत मला मात्र सिमेंटचा वास येतो. ओल्या सिमेंटचा, थंड, थोडा नाकात चढणारा. गेल्या वर्षी कापूस असाच रस्त्यावर होता आणि आमचं घर आतून उकरलेलं होतं. पिठाच्या डब्यात रेती, उशीच्या अभ्र्यात रेती, माझ्या शाळेच्या पिशवीत रेती. फळ्यावर लिहायला खडू काढला तर त्याच्यासोबत गिट्टीचा खडा हातात आला होता. वर्गातली मुलं हसली, मीही हसले. घरी मात्र त्या दिवसांत हसण्यासारखं फारसं काही नव्हतं.

आमचं घर एका दमात बांधलेलं नाही. पुढच्या दोन खोल्या सासऱ्यांनी बांधल्या. नंतर कधीतरी स्वयंपाकघर जोडलं गेलं आणि मागची खोली आम्ही वाढवली. ज्याने जेव्हा बांधलं त्याने आपापली पातळी धरली. त्यामुळे छपरीतून, म्हणजे पुढच्या ओसरीतून, बैठकीत यायला एक पायरी वर, बैठकीतून मधल्या खोलीत जायला उंच उंबरठा, तिथून स्वयंपाकघरात एक पायरी खाली, आणि न्हाणी तर मागच्या अंगणाच्या पार टोकाला. लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही महिने मी प्रत्येक दारात ठेचकाळले. मग पायांना सवय झाली आणि घर उंच-सखल आहे हेच विसरून गेले.

माझे यजमान मनोहरराव, ज्यांना मी आयुष्यभर नुसतं ‘हे’ म्हणत आले, तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. काचबिंदूने त्यांची नजर नेली. एकदम नाही. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग समोरचं आक्रसत गेलं, एखादं पोतं तोंडाशी आवळत न्यावं तसं. नोकरीची काही वर्षं बाकी असतानाच ते घरी बसले. आता खिडकी कुठे आहे एवढं उजेडावरून कळतं, बस. पण घरात मात्र ते बिनधास्त फिरायचे. चहा स्वतः करून प्यायचे, कपाटातून आपला सदरा आपण काढायचे. मी शाळेत गेल्यावर दिवसभर घरात एकटे असायचे आणि मला त्याची काळजी वाटत नसे.

पोळ्याच्या सुमारास ते स्वयंपाकघराच्या पायरीवरून पडले आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघेपर्यंत पुण्याहून मुलाचे रोज फोन. तो म्हणे, इकडे या दोघंही, इथे सगळं एका पातळीवर आहे. हे ऐकून घ्यायचे आणि फोन माझ्या हातात द्यायचे. एकदा मला म्हणाले, “तिथे मी खोलीतला माणूस होईन. इथे निदान घरातला तरी आहो.”

तेव्हा आम्ही ठरवलं की घरच एका पातळीवर आणायचं. उंबरठे काढायचे, पायऱ्या काढायच्या, न्हाणी आत घ्यायची आणि सगळीकडे न घसरणारी टाइल बसवायची. मुलगा खूश झाला, मला हायसं वाटलं, ह्यांनीही मान डोलावली.

पण असलं अर्धमुर्धं काम घ्यायला गावात कोणी तयार होईना. जो येई तो भिंतीवर थाप मारून म्हणे, पाडा आणि नवीन बांधा. शेवटी शाळेतल्या एका सहकारी बाईंनी एक नंबर दिला. रविवारी सकाळी फाटकाशी स्कूटर थांबली. पुढे एक चाळिशीतली बाई, कमरेला मोजपट्टी खोचलेली, मागे एक किडकिडीत, मिशीवाला माणूस. मी त्या माणसाकडे पाहून म्हटलं, “या, तुम्हीच ठेकेदार का?” त्याने बाईकडे बोट दाखवलं.

“मी ठेकेदार, काकू,” ती म्हणाली. “ललिता. हा माहा नवरा, गणपत. मिस्त्री हाय. घरी तो मालक, साइटवर मी.”

ललिता महागावकडच्या एका तांड्यावरची. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या मागे साइटवर घमेली उचलायची. उचलता उचलता पाहत गेली, मग लोकांशी बोलणी करू लागली, कारण गणपत मिस्त्रीला टाइल बसवता यायची, पण गिऱ्हाइकाशी चार शब्द बोलता यायचे नाहीत. पुढे कामं तीच घेऊ लागली. तिचा आवाज असा की बैठकीत बोलली तरी मागच्या गल्लीत ऐकू जाई. फोन सारखा वाजायचा. आमच्या छपरीत पाय पसरून चहा पीत असली तरी फोनवर सांगायची, “रस्त्यातच आहो भाऊ, पोचतोच.” मला तेव्हाच कळायला हवं होतं की एक दिवस हे वाक्य आमच्या वाट्यालाही येणार आहे.

ह्यांना तिने पहिल्या दिवसापासून ‘काकाजी’ केलं. आंधळ्या माणसाशी लोक बोलतात तसं सावकाश, मोठ्याने, सहानुभूतीने बोलणं तिला माहीतच नव्हतं. ती सगळ्यांशीच मोठ्याने बोलायची.

दिवाळीचे दिवे आवरले आणि काम सुरू झालं. आम्ही बिऱ्हाड छपरीत हलवलं. एका कोपऱ्यात गॅस, एका कोपऱ्यात ह्यांची बाज, मध्ये जुन्या साड्यांचा पडदा. आतून दिवसभर छिन्नी-हातोड्याचे घाव. मधल्या खोलीचा सागवानी उंबरठा निघाला तेव्हा त्याच्याखाली खूप जुनी, भुसभुशीत, अगदी लाल माती निघाली. कामावरच्या बायांनी ती घमेल्यात भरून तुळशीच्या वाफ्यात टाकली. दुपारी त्या भाकर-ठेचा खायला छपरीत बसायच्या. सोबत कोणाच्या तरी शेतातल्या तुरीच्या शेंगा असायच्या. ह्यांच्या हातात मूठभर द्यायच्या आणि ह्यांच्याशी गप्पा मारत सोलायच्या. हे बाजेवर बसून एकेकीला आवाजावरून ओळखायला शिकले होते. त्या शेंगांच्या दाण्यांची आमटी मी त्याच गॅसवर करायची. धुळीने भरलेल्या त्या दिवसांतली ती एक चव अजून जिभेवर आहे.

मग वेचणीने जोर धरला आणि बाया येईनाशा झाल्या. तोवर पायऱ्या, उंबरठे निघाले होते आणि पुढून मागेपर्यंत एका पातळीत कोबा घालून झाला होता. नुसता राखाडी कोबा. टाइलचे खोके भिंतीला लावून ठेवलेले. मी रोज सकाळी कोब्यावर पाणी मारायची, संध्याकाळी परत येऊन बघायची, कोणी आलेलं नसायचं. ललिताला फोन करायची.

“बाया साऱ्या कापूस वेचाले गेल्या काकू. कोणाले आणू मी? उद्या पाहतो.”

दुसऱ्या दिवशी, “रस्त्यातच आहो.” त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन नुसता वाजत राहिला.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी शाळेतून आले तर बाज रिकामी. हाक मारली. आतून आवाज आला, “इकडे.” हे घराच्या मधोमध उभे होते. दोन्ही हात थोडे पुढे, बोटं पसरलेली, जणू अंधारात कोणी त्यांच्या हातात काहीतरी देणार आहे. पायजमा ओला होता, कुठेतरी साचलेल्या पाण्यात बसले असावेत. मी जवळ गेले तसं त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

“मी कुठं आहो?” त्यांनी विचारलं.

“घरात आहात. कुठे असणार?”

“घरात कुठं?”

मला चटकन सांगता येईना. कारण आता दारांच्या चौकटीही काढलेल्या होत्या, आणि जिथे ते उभे होते ती बैठकही होती आणि मधली खोलीही. मी त्यांना छपरीत आणून बसवलं, पाय पुसले. मग ते जे बोलले ते मी कधी विसरणार नाही. म्हणाले, एक पायरी चढली की बैठक, उंबरठा ओलांडला की मधली खोली, पाय खाली पडला की स्वयंपाकघर, असं मी घर चालत होतो. आता पाय कुठेच अडत नाही. आता मला घर लागत नाही.

आम्ही त्यांच्यासाठी घर सपाट केलं होतं. ज्या पायरीने त्यांचा हात मोडला तीच पायरी त्यांना रोज सांगत होती की तू इथे आहेस. हे ना मला सुचलं, ना मुलाला, ना डॉक्टरांना. त्यांना स्वतःलाही सुचलं नव्हतं. पायाखालून निघून गेल्यावरच कळलं.

त्यानंतर हे बाजेवरून उठेनात. न्हाणीपर्यंत जायलाही मला हाक मारायचे, मी शाळेत असले तर थांबून राहायचे. पाणी कमी प्यायला लागले, ते का, हे दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं. एका सकाळी दाढी करता करता, कचेरीतली एखादी फाइल बंद करावी अशा सुरात म्हणाले, “पुण्याले जाऊ. घर विकून टाकू. अर्ध्यात आहे तसंच विकू, घेणारा आपल्या मर्जीनं करून घेईल.”

 त्यांच्या गालावर एका बाजूला साबण राहिला होता, तो मी पुसला आणि शाळेत गेले.

रविवारी मी ललिताचा पत्ता विचारत तिच्या तांड्यावर गेले. काय काय बोलायचं ते रस्त्याने ठरवत गेले होते. घरी तिची याडी, म्हणजे आई, उन्हात बसली होती. तिने हाताने शेताकडे दाखवलं. बांधावर स्कूटी लावून मी आत गेले, तर ललिता कापूस वेचत होती. ठेकेदारीण, जिचा आवाज गल्ली ओलांडून जायचा, ती कमरेला ओटी बांधून पराटीच्या झाडांच्या ओळीत वाकली होती, आणि ओटी कापसाने इतकी फुगली होती की ती दिवस भरलेल्या बाईसारखी दिसत होती. दोन ओळी पलीकडे गणपत मिस्त्री.

मला पाहून ती सरळ झाली. लाजली नाही. म्हणाली, “आमालेबी बाई भेटून नाई राह्यली काकू. तुमचं घर तं कुठं पळून जात नाई. हा कापूस मातर उद्या खाली पडते.”

“घर पळून चाललंय,” मी म्हटलं. “तुझे काकाजी विकायचं म्हणताहेत.”

आणि मग जे ठरवून आले होते त्यातलं काहीच बोलले नाही. फक्त काय झालं ते सांगितलं. सांगताना माझे हात समोरच्या झाडाची बोंडं वेचत होते, ते मला नंतर कळलं. ललिताने ओटी पुढे केली, मी वेचलेला कापूस त्यात टाकत गेले. गणपत मिस्त्री वेचायचा थांबला होता.

ललिता एरवी कोणाला वाक्य पुरं करू द्यायची नाही. त्या दिवशी तिने पुरतं ऐकलं. मग म्हणाली, “मले लेव्हल करा म्हणलं, म्या लेव्हल केली. मले काय माहीत काकाजीले त्या पायऱ्या लागते म्हून.”

“कोणालाच माहीत नव्हतं.”

“मंग पुन्हा बसवून देऊ काय उंबरठे?”

“पुन्हा पडतील.”

“हां,” ती म्हणाली. “पडतील.”

आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो.  डोक्यावर ऊन होतं, कुठेतरी दूर ट्रॅक्टर चालू होता. तिच्या आईने बांधापर्यंत चहा आणून दिला. निघताना ललिता म्हणाली, “उद्या येतो.” ती परवा आली. पण आली.

बाया मिळेपर्यंत थांबायचं नाही असं त्या दोघांनी ठरवलं असावं. तीच सिमेंटचा माल कालवायची, तीच घमेलं द्यायची, गणपत टाइल बसवायचा. बैठक झाली, मधली खोली झाली. हे छपरीतल्या बाजेवर पाठ करून पडलेले. ललिता जाता-येता बोलायची, “काकाजी, या पाहाले,” आणि हे म्हणायचे, “पाहून काय करू.”

मग एका संध्याकाळी मी घरी आले, आत डोकावले, आणि माझं डोकंच फिरलं. खोल्यांमध्ये आम्ही पसंत केलेली फिकट, न घसरणारी टाइल होती. पण प्रत्येक दाराच्या जागी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, वीतभर रुंद पट्टा होता तो भलत्याच टाइलचा. काळपट, खडबडीत, उंचवटे असलेली, लोक गाडी लावायच्या जागी बसवतात ती.

“ही पार्किंगची टाइल घरात?” मी म्हटलं.

“तुमच्या टाइला कमी पडल्या काकू. दुकानात माल संपला. मागच्या साइटच्या या शिल्लक व्हत्या, मजबूत हायेत.”

“मला विचारायचं तरी.”

“तुमी शाळेत व्हत्या.”

“फोन होता ना. हे बघ ललिता, हे उद्याच्या उद्या काढायचं. आम्हाला घर दुरुस्त करायचं होतं, गॅरेज नाही.”

“काढाले गेलं तं बाजूची फुटते,” गणपत मिस्त्री खालमानेने पुटपुटला. ललिताचाही आवाज चढला, माझाही चढला. आर्णीत दुसरे ठेकेदार आहेत, असं मी म्हणाले. मग बोलावून घ्या, असं ती म्हणाली. आमच्या या आवाजात मला कळलंच नाही की मनोहरराव बाजेवरून उठून, भिंतीला हात लावत, अनवाणी आत आले आहेत.

ते बैठकीतून पुढे सरकत होते. मी जाऊन धरणार तोच ते थांबले. उजवा पाय खडबडीत पट्ट्यावर पडला होता. त्यांनी पाय उचलला, पुन्हा ठेवला, तळवा हळूहळू त्या उंचवट्यांवर फिरवला. मग डावा पाय.

“हे मधलं दार आहे का?” त्यांनी विचारलं.

“हो,” मी म्हणाले.

ते पुढे गेले. मधली खोली ओलांडताना जरा कडेला गेले, भिंतीला लागले, वळले. पाय पुन्हा खडबडीत जागी आला.

“आन हे स्वयंपाकघर.”

“हो.”

“असं प्रत्येक दारात आहे?”

“प्रत्येक दारात हाय काकाजी,” ललिता म्हणाली. तिचा आवाज एकदम बदलला होता. “म्हून तं लावल्या. तुमच्यासाठीच लावल्या.”

आम्हा सगळ्यांना माहीत होतं की माल कमी पडला म्हणून लावल्या. गणपत मिस्त्रीने मिशीवर हात फिरवून तोंड भिंतीकडे केलं. हे मात्र तिथेच उभे राहून पाय घासत होते. म्हणाले, “राहू द्या. काढू नका.”

अजूनही ललिता कोणी नवं गिऱ्हाईक सोबत आणलं की आमच्या दारातला पट्टा दाखवून सांगते की ही तिची कल्पना. मी कधी खोडून काढत नाही. एखादी चांगली गोष्ट डोक्यातून आली की दुकानातला माल संपला म्हणून आली, याचा हिशेब घराने कधी ठेवलेला नाही. त्यावरून चालणारा पाय तर मुळीच ठेवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मनोहरराव घर शिकू लागले. शिकू लागले हाच शब्द बरोबर आहे. माझ्या शाळेत पहिलीतली मुलं अक्षरावर बोट फिरवतात तसं काठी टेकत, दारापासून दारापर्यंत, पुन्हा पुन्हा. मी शाळेतून आले की विचारायचे, आरसा कोणत्या भिंतीला लावणार, माझं कपाट कुठे येणार. आणि याच फिरण्यातून दुसरी भानगड निघाली.

काठी टाइलवर टेकली की टक असा आवाज यायचा. टक, टक, टक. मधल्या खोलीत एका जागी हे थांबले. तिथे आवाज वेगळा आला, थोडा बसका. त्यांनी पुन्हा ठोकलं. शेजारची ठोकली. मग खाली बसून बोटाच्या पेराने ठोकत ठोकत गेले.

“मिस्त्री,” त्यांनी हाक मारली, “ही टाइल खालून पोकळ आहे. आन ही. आन भिंतीकडची ती.”

मी इतक्या वर्षांनी ह्यांचा तो जुना सूर ऐकला. कचेरीत हे कागदातल्या त्रुटी काढण्यासाठी प्रसिद्ध होते. एक शिक्का कमी असला तरी प्रकरण परत. लोक चिडायचे, पण ह्यांच्या टेबलावरून पुढे गेलेला कागद वरून परत येत नसे.

गणपत मिस्त्रीला हे सहन झालं नाही. तो फार बोलणारा नव्हता, म्हणून त्याचं बोलणं जास्त लागलं. “सारी उमर टाइल बसवली मी. कोणी असं काठी घेऊन तपासली नाई,” तो म्हणाला. थापी धुतली, पिशवीत टाकली आणि बाहेर पडला. ललिता त्याच्यामागे धावली. फाटकाशी दोघांचं त्यांच्या गोरबोलीत, बंजारा भाषेत, जुंपलं. मला शब्द कळत नव्हते, पण ती काय सांगत होती ते कळत होतं, कारण मीही कधीकधी ह्यांना तेच सांगते, एवढं मनाला लावून घेऊ नका. मग तो पायीच निघाला आणि ती स्कूटर घेऊन त्याच्या बाजूबाजूने, हळूहळू चालवत, बोलत बोलत गेली.

हे तिथेच जमिनीवर बसले होते. “मी बोलायले नको होतं का?” त्यांनी विचारलं.

“टाइल पोकळ आहे का खरंच?”

“आहे.”

“मग बोललात ते बरोबर.”

पण रात्रीचं जेवण कोणाला गेलं नाही. मला वाटलं, आता हे काम असंच राहणार.

सकाळी मी फाटक उघडायला गेले तर गणपत मिस्त्री बाहेर उभा होता. एकटाच. हातात रबरी हातोडा. सरळ आत गेला आणि ह्यांच्यासमोर उकिडवा बसला.

“दाखवा,” तो म्हणाला.

ह्यांनी दाखवली. त्याने छिन्नी घालून ती टाइल अलगद उचलली. खाली माल एका कोपऱ्यात नीट बसलेला, बाकी सुका, भुरभुरीत, मध्ये बशीएवढी पोकळी.  मग त्याने ह्यांचा हात धरून त्या पोकळीत नेला, म्हणजे ह्यांनाही दिसावं.

“हाताले माणूस नव्हता,” तो म्हणाला. “ललिता एकटी माल देत व्हती, तोवर पयला सुकून जात व्हता. मले समजलं व्हतं. पन वाटलं, चालून जाईन.”

“वरून चांगलीच दिसत असेल,” हे म्हणाले.

“दिसते तं एकदम चांगली.”

दोघेही हसले. मी चहा टाकायला वळले.

त्यानंतरचे दिवस आठवले की मला घरातला तो आवाज आठवतो, पुढे रबरी हातोडा, मागे काठी. गणपत बसवायचा, हे तपासायचे. पास झाली की म्हणायचे, “प्रकरण मंजूर.” नाही झाली की, “त्रुटी.” ललितालाही ते शब्द आवडले. घमेलं उतरवताना विचारायची, “काकाजी, आज किती मंजूर?” शाळेतून आले की फाटकापासूनच मला ह्यांचं हसणं ऐकू यायचं. थंडी पडली होती. संक्रांतीचे तीळ मी त्या नव्या स्वयंपाकघरात भाजले, अजून ओट्याला कडा बसायच्या होत्या. पुण्याला जायचं पुन्हा कोणी बोललं नाही. घर विकायचा विषय मीही काढला नाही, ह्यांनीही नाही.

काम पूर्ण झालं असं म्हणता येणार नाही. न्हाणीचा नळ उलट्या हाताला बसला आहे. मागच्या दाराची कडी उन्हाळ्यात लागते, पावसाळ्यात लागत नाही. खिडकीच्या जाळीला रंग द्यायचा राहिला तो राहिलाच. ललिताला विचारलं की म्हणते, “उद्या येतो काकू.” मी आता रागावत नाही. तिचा उद्या कधी परवा असतो, कधी वेचणी संपल्यावर असतो, पण असतो.

आणि गेल्या आठवड्यात ती खरंच आली. जाळी रंगवायला नाही. बैठकीत न बसता उभ्यानेच म्हणाली, “काकाजी, पुसदच्या रस्त्यावर एका घराचं काम घेतलं हाय मी. टाइला बसल्या. मालक लय किटकिट्या हाय, रविवारी पाहाले येणार. तो यायच्या आंधी तुमी तपासून द्या.”

“मी?” हे म्हणाले. “मी तिथं कुठं येऊ? मले ते घर माहीत नाही.”

“मालकालेबी माहीत नाई अजून. नवंच हाय ते. चला, माह्या गाडीवर बसा.”

दवाखान्याखेरीज हे कित्येक वर्षांत फाटकाबाहेर पडलेले नव्हते. लग्नकार्याला नाही, कोणाच्या बारशाला नाही. लोकांना त्रास होतो, म्हणायचे. मला वाटलं, आताही तेच म्हणतील. ते थोडा वेळ काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिले आणि मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, “माझी कचेरीची पॅन्ट होत असेल का अजून?”

ती ढगळ झाली होती. मी पट्ट्याला नवं भोक पाडून दिलं. ललिताच्या मागे बसताना त्यांनी एका हाताने मागची दांडी धरली, दुसऱ्या हातात काठी उभी. शेजारच्या बाई कठड्याशी येऊन पाहत होत्या. ललिताने एकदम गाडी पळवली नाही. हळू काढली, वळणावर वळताना ओरडून सांगितलं, “उजवीकडं वळतो, काकाजी,” आणि गेली. त्या दिवशी शाळेत मी तिसरीच्या वर्गाला एकच उदाहरण दोनदा सोडवून दाखवलं.

संध्याकाळी घरी आले तर हे आधीच आलेले. पॅन्टचे दोन्ही गुडघे पांढरे, बोटांच्या पेरांना सिमेंट. हात धुवा म्हटलं तर म्हणाले, आधी ऐक. मी समोर बसले. मग ते सांगू लागले. फाटकापासून आत यायला फरशीची वाट आहे, वाटेत कोणीतरी मोगरा लावलाय. छपरी लांबट आहे, आपल्यासारखी चौकोनी नाही. बैठकीत आवाज घुमतो, म्हणजे छत उंच असणार. पूर्वेला मोठी खिडकी असावी, सकाळी तिथे गालावर ऊन आलं. एका कोपऱ्यात त्रुटी निघाल्या, गणपतने लगेच काढल्या. जिना आहे, पण त्याला कठडा नाही, मी ललिताला म्हटलं, आधी कठडा लाव, मग बाकीचं बघ.

आजवर बाहेरचं सगळं मी ह्यांना सांगत आले होते. रस्त्यात काय दिसलं, कोण भेटलं, कोणाच्या घराला कोणता रंग दिला. आज मी न पाहिलेलं घर ते मला दाखवत होते.  चहा निवला तरी मी उठले नाही.

“आणि स्वयंपाकघर?” शेवटी न राहवून मी विचारलं.

“थांब ना,” हे म्हणाले. “अजून आपण मधल्या खोलीत आहो.”